शेऱ्याचा रकाना

खानापूरच्या रेल्वे ऑफिसात माझं काम उतरवून काढायचं:
कीमनची वही, गँगमनची वही, ट्रॉलीवरच्या साहेबांचं टिपण,
सगळं एका नमुन्यात, तीन प्रतींत.
एक हुबळीला, एक बेळगावला, एक आमच्या कपाटात,
जिथं पुराच्या सालातली ओल अजून वाळलेली नाही.

जानेवारीत तपासणी. सुरक्षेचे मोठे साहेब येणार,
म्हणून डिसेंबर आमचा कागदांतच उजाडतो, कागदांतच मावळतो.
फिशप्लेट, बोल्ट, खडी, वळणाची उंची,
पुलाच्या पायाला मलप्रभा कुठवर चढली होती,
प्रत्येकाला रकाना, रकान्याला आकडा,
आणि आकडा नसेल तिथं निरंक.
निरंक लिहिताना हात चुकत नाही माझा.
अक्षर बरं म्हणूनच घेतलं मला इथं.

मष्णू घाडी, कीमन, गुंजीकडचा.
पहाटे निघतो, खांद्यावर पाना, हातोडी, तांबडं निशाण.
सात किलोमीटर जायचं, सात यायचं.
रुळावर हत्तीची लीद ताजी दिसली तर थांबायचं,
गवा दिसला तर जास्तच थांबायचं.
वहीला ग्रीसचा वास, पानांवर चुन्याची बोटं.
तिच्यात सापडली ही ओळ,
चार दिवस, चारी दिवस तीच:
"५६३ चा चौथा खांब. डावा रूळ. आवाज बदललाय."

आता आवाजाला रकाना नाही.
तडा? नाही. झीज? मापात.
लोखंडाच्या पोटात बघणारं यंत्र
नोव्हेंबरात ढकलत नेलं होतं तिथून,
त्यानं लिहून दिलंय, दोष आढळला नाही.
मष्णूला विचारलं, बदललाय म्हणजे काय?
"काय सांगू बाई.
हातोडी मारली की भांडं बोलतंय तसा बोलायचा.
आताबी बोलतोय, खरं मागाहून गिळतोय."

गिळतोय.
किती मिलिमीटर?

नमुन्याच्या माथ्यावर छापलंय, कोणत्या तीन भाषांत भरावे.
कन्नड मला येते रविवारच्या बाजारापुरती.
इंग्रजीत गिळण्याला काय म्हणतात ते ठाऊक आहे,
रुळानं गिळण्याला काय म्हणतात?
मग हिंदीच्या रांगेत मी मराठीला उभी केली.
लिपी तीच. कोण कशाला हटकतंय.
शेऱ्याच्या रकान्यात, निरंकच्या जागी:
हातोडी मारल्यावर आवाज मागाहून गिळतो. म. घाडी, कीमन.
कार्बन नवा घातला, मुद्दाम.

हुबळीची प्रत परत आली, लाल पेन्सिलीनं गोल करून.
शेरा अस्पष्ट. मोजमाप द्यावे अथवा निरंक करावे.
बडिगेर साहेबांनी चष्मा कपाळावर नेला, "इदेनु, मॅडम?"
मी वाचून दाखवलं.
अर्थ त्यांनी विचारला नाही. दुसऱ्यांदा वाचायला लावलं,
मष्णूला बोलावलं, ट्रॉली काढली.
संध्याकाळी परत आले
तेव्हा साहेबांच्या डाव्या कानाला गंज लागलेला.

रूळ बदलला. सहा मीटरचा तुकडा, रात्रीचा ब्लॉक घेऊन.
फाइलीत कारण: नेहमीची देखभाल.
माणसं इतकी, हत्यारं इतकी, वेळ दोन तास दहा मिनिटं.
मोठे साहेब आले, पानं उलटली,
सही केली, चहा अर्धा ठेवला, लोंढ्याकडं गेले.

काढलेला तुकडा अजून कडेला पडलाय,
अंगावर पांढऱ्या रंगात तारीख.
आत काय होतं, काही होतं का,
कुणी कापून बघितलं नाही.
म्हशी त्याला पाय घासून जातात.
मष्णू म्हणतो, "नवा अजून परका हाय. बोलंल की."

फेब्रुवारीच्या नमुन्यात परत ५६३ चा चौथा खांब आला.
पेन टेकवलं, उचललं,
वही काढून बघितली.
त्या दिवशी त्यानं नुसता वेळ लिहिला होता, येण्याचा, जाण्याचा.
मी लिहिलं निरंक.
चौदा किलोमीटर चालून आणलेलं.